मागचे ब्रेक बदलताना : ड्रम, डिस्क आणि माझी १९९१ची मस्टँग



यंदा गणपतीत आरती झाली, प्रसादाची रांग लागली, आणि आम्ही चार-पाच टाळकी नेहमीप्रमाणे हॉलच्या मागच्या पार्किंग लॉटमध्ये माझ्या मस्टँगभोवती गोळा झालो. त्यात एक नवा मुलगा होता. मास्टर्स संपवून नुकताच नोकरीला लागलेला, आणि पहिल्या बोनसमधून त्यानं १९८९ची मस्टँग जीटी घेतलेली. (घरी आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही!) मला म्हणाला, "दादा, मागच्या डिस्क ब्रेकचं किट मागवलंय. या शनिवार-रविवारी बसवून टाकतो. मग गाडी अर्ध्या अंतरात थांबेल ना?"

मी त्याला तिथेच अर्धा तास धरून ठेवलं. तोवर आत मोदक संपले. ते दुःख आहेच, पण अर्ध्या तासातही सगळं सांगून झालं नाही, आणि त्याच्यासारखे अजून दोघं-तिघं आपल्या मंडळात आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणून हा लेख. मी पोटासाठी आयटीत असलो तरी डिग्री मेकॅनिकलची आहे, आणि हे काम गेल्या वर्षी स्वतःच्या गाडीवर स्वतःच्या हातानं केलेलं आहे. चुकांसकट.

आधी गाडीबद्दल थोडं. फोर्डची जी मस्टँग १९७९ ते १९९३ या काळात निघाली तिला सगळे 'फॉक्स बॉडी' म्हणतात. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन (खरं तर ४.९, पण बिल्ल्यावर ५.० लिहिलंय तर आपण कशाला वाद घाला), १९८७पासून २२५ हॉर्सपॉवर, वजन साधारण साडेचौदाशे किलो. माझी १९९१ची. घरापासून वीस मैलांवरच्या डिअरबॉर्नच्या कारखान्यात जन्मलेली, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त मिशिगनकर. एवढी ताकद देऊन फोर्डनं ब्रेक मात्र कसे दिले? पुढे जेमतेम अकरा इंची डिस्क आणि मागे नऊ इंची ड्रम. अँटीलॉक नाही, काही नाही. कॅलिफोर्नियाच्या हायवे पोलिसांच्या ताफ्यातल्या मस्टँगसुद्धा मागे ड्रमवरच धावत होत्या. फोर्डला डिस्क बसवता येत नव्हती असं नाही. १९८४ ते १९८६च्या एसव्हीओ मॉडेलला चारही डिस्क होत्या, १९९३च्या कोब्रालाही होत्या, आणि १९९४ला नवी बॉडी आली तेव्हा सगळ्याच मस्टँगना मिळाल्या. म्हणजे आपल्या गाडीत बसतील असे सुटे भाग फोर्डनंच करून ठेवले आहेत. मोह होतो तो इथेच.

आता त्या "अर्ध्या अंतरात"बद्दल.

गाडी थांबवतो तो टायर. ब्रेकचं काम एवढंच की टायर जितकी पकड देऊ शकतो तितकी पूर्ण वापरून घ्यायची. चालू गाडीत ब्रेक दाबून तुम्ही चाक लॉक करू शकत असाल, तर ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे. माझे ड्रम चाक लॉक करत होते. तुमचेही करत असतील. मग डिस्क बसवून आणखी काय लॉक करणार? ताशी ६० मैलांवरून, साध्या बऱ्या टायरवर, ०.८ जी इतका मंदवेग मिळतो असं धरलं तर थांबायला साधारण १५० फूट लागतात. या आकड्यात ड्रम की डिस्क हा प्रश्न येतच नाही.

दुसरं, मागच्या चाकांच्या वाट्याला मुळात किती काम येतं? ब्रेक लावला की गाडी नाक खाली घालते, म्हणजे वजन पुढे सरकतं. किती, ते गणित एका ओळीचं आहे. मंदवेगाला गुरुत्वमध्याच्या उंचीनं गुणा आणि दोन चाकांमधल्या अंतरानं भागा. माझ्या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १००.५ इंच म्हणजे २.५५ मीटर, आणि गुरुत्वमध्याची उंची मी ५३ सेंटिमीटर धरली. उभ्या गाडीत ५७ टक्के वजन पुढे, ४३ टक्के मागे. ०.८ जीला जवळपास १७ टक्के पुढे सरकतं आणि मागे उरतात फक्त २६ टक्के. म्हणजे जोरात ब्रेक मारला की मागची दोन चाकं मिळून जेमतेम पाव काम करतात. तुम्ही हजार डॉलर ओतून त्या पावात सुधारणा करणार.

मग मी का केलं? सांगतो. पण आधी ड्रमची बाजू मांडू दे, बिचाऱ्याला कोणी वकील नसतो.

ड्रममध्ये अर्धगोलाकार शू आतून बाहेर दाबले जातात. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढतो आणि त्या ओढीनं शू ड्रमवर अजून घट्ट बसतो. (खुर्मींच्या थिअरी ऑफ मशीन्समधला हा धडा आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केला होता. समजला तो वीस हजार रुपयांची फी भरून नव्हे, तर गॅरेजमध्ये गुडघे टेकून.) म्हणजे ड्रमला ताकद फुकटात मिळते, थोड्या प्रेशरमध्ये भरपूर काम. हँडब्रेकही झकास लागतो. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर जे मीठ टाकतात, त्यातही बंद डब्यात असल्यानं तो टिकतो. फोक्सवॅगननं आयडी ४ या इलेक्ट्रिक गाडीला मागे पुन्हा ड्रम दिले ते उगाच नाही.

पण जी ओढ फुकट मिळते तीच तापल्यावर उलटते. माझ्या लहानपणी बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती, चारही चाकांना ड्रम. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरून साखरप्याला पोचायचं. बाबा दर वेळी सांगायचे, "ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा." एकदा पाहुण्यांशी गप्पा मारण्याच्या नादात त्यांनी टॉप गिअरमध्ये नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली. अर्ध्या घाटात लायनर जळाल्याचा वास आला आणि बाबांचा पाय खाली जायला लागला, ब्रेक मात्र लागेना. त्यांनी खटाखट गिअर खाली आणले, हँडब्रेक ओढला आणि एका वळणाच्या आतल्या बाजूला गाडी डोंगराला टेकवून उभी केली. आईनं मागच्या सीटवरून एक शब्द काढला नाही, ते जास्त भीतीदायक होतं.

त्या दिवशी काय झालं ते आता सांगता येतं. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली जातं. लायनर तापून त्याचं घर्षण थोडं कमी झालं की फुकटची ओढही कमी होते, म्हणजे नुकसान दुप्पट. आणि उष्णता बाहेर पडायला वाट नाही. माझी मस्टँग ६० मैलांवरून एकदा थांबवली की सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. पावणेदोन लिटर थंड पाणी उकळेल इतकी, म्हणजे घरी चार पाहुणे आले तर सगळ्यांच्या दोन-दोन कप चहाचं आधण! डिस्क उघड्यावर फिरते, वारा खाते, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनंच फुगते. पाण्यातून गेल्यावरही एक-दोन फेऱ्यांत कोरडी होते. ड्रममध्ये शिरलेलं पाणी मुक्कामाला राहतं.

तर मी केलं ते एवढ्यासाठी. उन्हाळ्यात दोन-तीनदा मी गाडी ट्रॅक-डेला नेतो. तिथे चौथ्या-पाचव्या फेरीनंतर मागचे ड्रम गळपटायचे, सगळा भार पुढच्या डिस्कवर यायचा आणि मग त्याही. तुम्ही गाडी फक्त रविवारी आइस्क्रीम खायला आणि गणपतीत मिरवायला काढत असाल, तर चांगले टायर घ्या, पुढचे पॅड चांगले घाला, ब्रेक ऑइल बदला आणि ड्रमला सुखानं जगू द्या. माझं प्रामाणिक मत हेच आहे.

तरीही करायचंच असेल, तर पुढे वाचा.

बसवणं सोपं आहे

मला मूळची सोळा इंची, पाच आऱ्यांची 'पोनी' चाकं ठेवायची होती. ती चार नटांची. म्हणून मी १९९३च्या कोब्राच्या पद्धतीचं किट घेतलं, चार नटांची दहा इंची डिस्क. दुसरा रस्ता म्हणजे १९९४ नंतरच्या मस्टँगचे ॲक्सल, कॅलिपर, ब्रॅकेट असं सगळं जंकयार्डमधून (आपल्या पुण्याच्या जुन्या बाजाराचा हा अमेरिकन भाऊ) उचलून आणायचं. ते स्वस्त पडतं, पण त्याला पाच नट असतात, म्हणजे पुढचे हबही बदला आणि चाकंही. शिवाय ते ॲक्सल दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच लांब असतात, त्यामुळे चाकं तेवढी बाहेर येतात.

ड्रमची मागची पाटी काढायला ॲक्सल बाहेर काढावे लागतात, आणि ॲक्सल काढायला डिफरन्शियलचं झाकण उघडावं लागतं. आत एक आडवा पिन, तो एका छोट्या बोल्टनं अडकवलेला. पिन काढा, ॲक्सल आत ढकला, टोकाची 'सी'च्या आकाराची क्लिप पडते आणि ॲक्सल बाहेर येतो. तो छोटा बोल्ट तुटतो म्हणून कुप्रसिद्ध आहे. सावकाश काढा, आणि परत लावताना नवाच लावा. ॲक्सलची ऑइल सीलं हाताशी आहेत तोवर बदलून टाका. डिफरन्शियलमध्ये नवीन ऑइल भरताना त्यात फ्रिक्शन मॉडिफायर घालायला विसरू नका, नाहीतर वळणावर मागून कण्हण्याचे आवाज येतील. आणि त्या जुन्या ऑइलचा वास! माझ्या मुलीनं दोन दिवस गॅरेजच्या दारातून आत पाऊल टाकलं नाही.

दोन गोष्टी नवख्यांना हमखास नडतात. एक, मागच्या कॅलिपरच्या पिस्टनमध्ये हँडब्रेकची यंत्रणा असते, त्यामुळे तो पुढच्यासारखा क्लॅम्पनं दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत आत घालावा लागतो. दाबत बसलात तर आतली यंत्रणा मोडते. दुसरी, डावा-उजवा कॅलिपर. हवा काढायचा निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. उलटे बसवले तर निपल खाली येतो, हवा वरच अडकते, आणि तुम्ही रात्री अकरापर्यंत बायकोला "दाब, सोड, दाब, सोड" करत बसता. अनुभवाचे बोल आहेत, जास्त विचारू नका.

ब्रेकच्या जुन्या लोखंडी नळ्या इथल्या मिठानं खाल्लेल्याच असतात. मी तांबं-निकेलच्या नळ्या घातल्या. हातानं सहज वाकतात आणि गंजत नाहीत. टोकं दुहेरी फ्लेअरची करा. एकेरी फ्लेअर ब्रेकच्या प्रेशरला टिकत नाही.

हे सगळं करायला मला दोन शनिवार-रविवार लागले. किटच्या डब्यावर "एका दुपारचं काम" असं छापलेलं होतं. असो.

खरं काम पुढे आहे

सगळं बसलं, हवा काढली आणि पेडल दाबलं, तर ते जमिनीकडे निघालं. गळती कुठेच नाही. कारण साधं होतं. ड्रमच्या सिलिंडरला हलायला चमचाभर ऑइल पुरतं, कॅलिपरचा ३८ मिलिमीटरचा पिस्टन त्याहून बरंच ऑइल पितो. मूळचा मास्टर सिलिंडर २१ मिलिमीटरचा, तो एका दाबात तेवढं ऑइल पाठवू शकत नाही. १९९३च्या कोब्राला फोर्डनं एक इंची म्हणजे २५.४ मिलिमीटरचा मास्टर दिला होता. मी तोच घातला. (गाडीत बसवण्याआधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढा. गाडीत बसवल्यावर ती निघता निघत नाही.) पेडल दगडासारखं टणक झालं. पण क्षेत्रफळ जवळपास दीडपट झालं, म्हणजे तेवढ्याच प्रेशरसाठी पायाला दीडपट जोर. बूस्टरही कोब्राचा घातल्यावर पाय पुन्हा हलका झाला. किटमध्ये यातलं काहीच नव्हतं, आणि लागेल असं कुठे लिहिलेलंही नव्हतं.

आता प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. याचं काम मागच्या चाकांना जाणारं प्रेशर आवरायचं. एका ठराविक प्रेशरपर्यंत तो पुढे-मागे सारखंच जाऊ देतो, त्यानंतर मागचं हळूहळू वाढवतो. वजन पुढे सरकण्याचं गणित आठवा. हलक्या ब्रेकमध्ये मागची चाकं बरंच काम करू शकतात, जोराच्या ब्रेकमध्ये कमी. व्हॉल्व्ह तेच बघतो. पण गाडीतला मूळचा व्हॉल्व्ह ड्रमच्या हिशोबानं बनवलेला आहे. ड्रमला फुकटची ओढ असते, डिस्कला नसते. तो तसाच ठेवला तर मागची डिस्क नुसती शोभेची होते. म्हणून त्यातली स्प्रिंग आणि पिस्टन काढून, बूच लावून, मागच्या नळीत हातानं कमी-जास्त करता येणारा वेगळा व्हॉल्व्ह बसवतात. मी बसवला. आणि पूर्ण उघडा ठेवला. म्हटलं, आधी बघू तर काय होतं.

आणखी एक शहाणपणा केला होता. मागे नवी डिस्क म्हणून कौतुकानं महागडे, ट्रॅकवर वापरतात तसे पॅड घातले. पुढे जे स्वस्तातले साधे पॅड होते ते तसेच राहू दिले.

पहिली चाचणी ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी. एका बंद पडलेल्या दुकानाचा भलामोठा मोकळा लॉट, मालकाची परवानगी काढलेली. भुरभुर पाऊस होता. मला वाटलं, उत्तमच, ओल्या जमिनीवर टिकली म्हणजे कुठेही टिकेल. ३५ मैलांवर जोरात ब्रेक मारला. पुढची चाकं आधी लॉक झाली, गाडी सरळ घसरत थांबली. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. घरी येऊन बाबांना फोनवर सांगितलं, "झाली गाडी तयार."

पुढच्या शनिवारी ऊन होतं. ट्रॅकवर जायच्या आधी एकदा कोरड्यातही बघू म्हणून पुन्हा त्याच लॉटवर. बायको आमच्या व्हॅनमध्ये बसून लांबून व्हिडिओ घेत होती, मुलगी मागच्या सीटवर. मी ४५ मैलांवर पूर्ण ब्रेक मारला. गाडीचा मागचा भाग डावीकडून पुढे आला. मी स्टिअरिंग फिरवेपर्यंत ती उलटी झाली होती, आणि थांबली तेव्हा मी जिथून आलो त्याच दिशेला तोंड करून बसलो होतो. आजूबाजूला काही नव्हतं म्हणून काही झालं नाही. हाच प्रकार हायवेच्या उतरत्या रॅम्पवर झाला असता तर?

त्या दिवशी व्हॅनमधून मुलगी टाळ्या वाजवत होती. बायको नव्हती.

संध्याकाळी तिनं व्हिडिओ एक-एक फ्रेम पुढे सरकवून दाखवला. मागचं चाक थांबलेलं, पुढचं अजून फिरतंय. लॉक झालेल्या चाकाला आडवी पकड राहत नाही. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ जाते. मागची आधी झाली तर मागचा भाग पुढच्याला ओलांडायला बघतो. म्हणूनच अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियमांत पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत अशी अट आहे. मग तिनं विचारलं, "पण पावसात बरी होती ना? मग कोरड्यात कशी फिरली?" ती इलेक्ट्रॉनिक्सची आहे, पण प्रश्न बरोबर जागी लागला. मी कागद घेऊन बसलो.

पुढचा पिस्टन ६० मिलिमीटरचा, मागचा ३८चा, डिस्क पुढे अकरा इंची, मागे दहा. पॅड सारखे असते तर व्हॉल्व्हशिवाय मागच्या ब्रेकचा वाटा ढोबळमानानं २७ टक्के आला असता. मागे जास्त चावणारे आणि पुढे साधे पॅड घालून मी तो ३१ टक्क्यांवर नेला होता. आता मागे वजन किती राहतं ते बघा. ओल्या रस्त्यावर फार तर ०.४ ते ०.५ जी मिळतो, तेव्हा मागे ३३ ते ३५ टक्के वजन असतं. ब्रेक ३१ टक्के, वजन त्याहून जास्त, मागची चाकं सुखरूप. कोरड्यात ०.८ जी, मागे वजन २६ टक्के आणि ब्रेक तरीही ३१. मागची चाकं लॉक होणारच. माझ्या हिशोबानं ०.५८ जीच्या पुढे कधीही. पॅड सारखे असते तरीही ०.७७च्या आसपास हेच झालं असतं. म्हणजे पकड जितकी चांगली, तितका हा धोका मोठा. मी पावसात जी परीक्षा घेतली ती गाडीला सोपी जाणारी होती, आणि मी तिला पहिल्या नंबरानं पास करून टाकलं.

यातून पुढची एक गोष्ट निघते, ती आमच्या ट्रॅकवाल्या मित्रांसाठी. नंतर कधी चिकट टायर टाकलेत तर गाडी जास्त जोरात थांबेल, वजन अजून पुढे जाईल, आणि आज बरोबर असलेला व्हॉल्व्ह उद्या चुकीचा ठरेल. टायर बदलले की चाचणी पुन्हा. पॅड बदलले तरी पुन्हा.

दुरुस्ती मग फार नव्हती. पुढे-मागे एकाच जातीचे पॅड घातले. ते बसायला ४०-४५ मैलांवरून मध्यम जोरानं आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, पूर्ण न थांबता, आणि मग गार होऊ द्यायचं. त्यानंतर एका मित्राकडून ब्रेकचं प्रेशर मोजायची दोन गेज आणली. निपल काढून एक पुढच्या कॅलिपरला लावलं, एक मागच्या. नॉब थोडा थोडा फिरवत, पेडल दाबून दोन्ही आकडे वहीत लिहीत गेलो. माझ्या गाडीत आता ५०० पीएसआयपर्यंत दोन्हीकडे सारखं प्रेशर जातं, त्यानंतर मागचं निम्म्याहून कमी वेगानं वाढतं. जोराच्या ब्रेकमध्ये मागचा वाटा २२ टक्क्यांच्या आसपास येतो. वजन २५. तीन टक्के हातचे राखलेले. तुमच्या गाडीला हाच आकडा लावू नका. तुमचे पॅड वेगळे, टायर वेगळे, स्प्रिंगा वेगळ्या.

मग पुन्हा तो लॉट. कोरडा दिवस, टाकी पाव भरलेली, गाडीत मी एकटा, कारण मागे वजन जितकं कमी तितकी परीक्षा अवघड. ३० मैलांपासून सुरुवात करून पाच-पाचनं वाढवत ५०पर्यंत. प्रत्येक वेळी व्हिडिओ, प्रत्येक वेळी पुढचं चाक आधी. त्यानंतरच मुलगी गाडीत बसली. थांबायचं अंतर? ड्रम असताना ६० मैलांवरून मोजलं होतं, आता पुन्हा मोजलं. फरक चार-पाच फुटांचा, म्हणजे माझ्या पायाच्या चुकीत बसेल इतकाच. पण ट्रॅकवर दहाव्या फेरीला पेडल पहिल्या फेरीच्याच जागी होतं.

हँडब्रेक मात्र पूर्वीइतका दमदार राहिला नाही. आमच्या ड्राइव्हवेच्या उतारावर मी गाडी गिअरमध्ये टाकून उभी करतो. आणि दर वसंतात कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून, साफ करून, ग्रीस लावतो. मिठानं त्या जाम होतात, मग एकच पॅड झिजतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर मिशिगनमध्ये गाड्यांची वार्षिक तपासणीच नाही. मी काय केलं ते कोणी बघायला येणार नाही, म्हणून तर भीती जास्त. मी विमा कंपनीला लेखी कळवून ठेवलं. तपासणी असलेल्या राज्यांतल्या मंडळींनी आधी तिथले नियम बघावेत. आणि पुण्यातल्या भावाला हा लेख पाठवून त्याच्या जुन्या गाडीवर प्रयोग करायला लावू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि मूळ बनावटीत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे.

तर तो मुलगा. त्यानं त्या शनिवार-रविवारी किट बसवलं नाही. गेल्या आठवड्यात तो खोका घेऊन माझ्या गॅरेजमध्ये आला, सोबत एक इंची मास्टर, बूस्टर, नवा व्हॉल्व्ह आणि चारही चाकांचे एकाच डब्यातले पॅड. खोका उघडला तर कॅलिपरवरच्या चिठ्ठ्यांत डावा-उजवा उलटा! निपल वर येतोय का ते हातात धरून बघितलं म्हणून कळलं. काल रात्री हवा काढून झाली, पेडल टणक आहे. येत्या शनिवारी ऊन असलं तर त्याची कोरडी चाचणी. गाडीत तो एकटा असेल, आणि व्हिडिओ घ्यायचं काम या वेळी माझ्याकडे आहे.